पेडलची खांदशेकणी

बैल विकले त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करावं, ते जमनीला सुचेना. घाटंजीपासून आत, टेकडीच्या पोटाशी असलेल्या त्यांच्या तांड्यात घरोघरी खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. जमनीनं माहेरी हे केलं होतं, सासरीही केलं होतं. यंदा मात्र नवरा देवीलाल वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला होता, शेत बटाईनं दिलं होतं आणि दारातला खुंटा मोकळा होता.

अगदीच मोकळा नव्हता म्हणा. त्याला टेकून लेकीची, ममताची, सायकल उभी होती.

ती साधी सायकल नव्हती. बोटभर रुंद चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि उचलली तर एका हातात येईल इतकी हलकी. सगळ्यात नवलाची होती तिची पेडलं. त्यांच्यावर नुसता पाय ठेवायचा नसे. बुटाच्या तळाला एक पट्टी होती. ती पेडलमध्ये दाबली की खट्‌ आवाज होऊन पाय अडकायचा, आणि टाच बाहेर फिरवली की सुटायचा. तांड्यातली पोरं त्याला खटक्याचं पेडल म्हणत. पाय बांधलेला असला की खाली दाबतानाच नाही, वर ओढतानाही जोर लावता येतो, असं ममतानं आईला समजावलं होतं. जमनीला त्यातलं एवढंच समजलं होतं, की पोरीचा सगळा भार तिथं येतो.

म्हणजे सायकलचा खांदा तोच.

ममता कॉलेजातून यायची होती. जमनीनं चुलीवर पाणी तापवलं, वाटीत तूप वितळवलं, हळद कालवली. पळसाच्या पानानं तिनं दोन्ही पेडलं शेकली. मग तिला दिसलं, की पेडलच्या बाहेरच्या टोकाला एक बारकं टोपण आहे. चमच्याच्या दांडीनं तिनं ते उचकटलं. आत काळपट, चिकट काहीतरी होतं. लहान पोराच्या कानात तेल घालावं तसं तिनं आत तूप सोडलं, पेडल हातानं गरगर फिरवलं, आणखी सोडलं. दोन्हीकडे.

"सायकलले आवतन देतं काय वो?" कुडापलीकडून भुरीबाई म्हणाली. शेजारची ही म्हातारी कुणाच्याही अंगणात काय चाललंय ते बघितल्याशिवाय राहत नसे. "उद्या पुरणपोळी कुठी चारशीन? चाकात?"

"तुह्या तोंडात चारीन. मुकाट्यानं जाय ना तू."

भुरीबाई हसत गेली. जमनीनं टोपणं परत दाबून बसवली, फडक्यानं सायकल पुसली, आणि मग इकडेतिकडे पाहून हँडलच्या जवळ तोंड नेलं. "उद्या जेवाले ये," ती म्हणाली. "अन्‌ मायी पोर नीट घेऊन जाय."

ममताला तिनं काही सांगितलं नाही. पोरगी हसली असती.

सायकल तशी ममताचीही नव्हती. ती नानाजी सरांची. नानाजी घाटंजीच्या शाळेत खेळ शिकवायचे; निवृत्त झाले, पण शिकवायचं सुटलं नाही. नागपुरातल्या कुणाकडून त्यांनी ती जुनी सायकल मिळवली होती आणि तालुक्यातल्या ज्या पोराच्या किंवा पोरीच्या पायात दम दिसेल त्याला ती ते देत. घेणाऱ्यानं शर्यतीत पळायचं, सायकल जपायची आणि आपलं झालं की पुढच्याला द्यायची. गेली काही वर्षं ती ममताकडे होती.

गणपती उठले की यवतमाळला सायकल शर्यतीची निवड होणार होती. त्यातून ज्या मुली घेतल्या जातील त्यांना नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात जागा: राहणं, खाणं, शिक्षण आणि रोजचा सराव. ममताच्या वयाच्या मुलींना ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. इकडे देवीलालनं वणीत ट्रक उभे राहतात तिथं एक खोली पाहून ठेवली होती. दसऱ्यानंतर घराला कुलूप लावून सगळ्यांनी तिकडे जायचं, असं ठरलं होतं.

"निवडली गेली तं जाऊ दे नागपूरले, म्या आडवा येत नाई," देवीलाल म्हणाला होता. "पण नाई गेली तं वणीत सायकलचं नाव काढू नको म्हणा. त्या रोडनं कोळशाच्या गाड्या कशा धावते ते म्या रोज पाहून राह्यलो. तिथी पोरीले सायकलवर सोडन असा बाप म्या नाई."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यामुळेच त्यावर बोलता येत नव्हतं. जमनीला एवढं स्पष्ट माहीत होतं, की पोरगी यवतमाळला जिंकली तर सायकल राहील. नाही तर ती पोरीच्या आयुष्यातून गेली.

पोळा झाला, गौरी-गणपती बसले, आणि एका सकाळी सराव करून आलेली ममता अंगणात पेडल हातानं फिरवत बसली. उजव्या पेडलमधून कर्र, कर्र असा बारीक आवाज येत होता.

"दाताखाली खडा आल्यावानी वाटते," ती म्हणाली.

जमनीच्या मनात आलं, कोरडं पडलं असणार. पोरगी आंघोळीला गेली तेव्हा तिनं टोपण काढून पुन्हा तूप सोडलं. या वेळी जरा जास्त. आणि खरोखरच आवाज थांबला. दोन-तीन दिवस सायकल मुकाट चालली. जमनीला इतका आनंद झाला, की तिनं भुरीबाईलाही ते सांगितलं.

मग कर्र परत आली, आणि आली ती मोठी होऊन आली.

निवडीच्या आदल्या दुपारी नानाजी त्यांच्या स्कूटरवरून तांड्यात आले. डिकीतून त्यांनी पान्यांची पिशवी काढली, ग्रीसची डबी काढली आणि अंगणात पोतं अंथरलं. बघता बघता तांड्यातली पोरं भोवती गोळा झाली. नानाजींना तेच हवं होतं. पोरं दिसली की त्यांचा आवाज आपोआप शिकवण्याचा व्हायचा.

"ममता खोलन, म्या फक्त पाहीन," ते म्हणाले. "आपल्या हातानं खोललं तेच आपल्याले समजते. अन्‌ तुम्ही पोरांनो सांगा, उजवं पेडल कोणीकडे फिरवलं तं निघन?"

पोरांनी हात फिरवून दाखवले. बरोबर होतं.

"आता डावं?"

पोरांनी तोच हात तसाच फिरवला. ममतानं पाना लावून तसं फिरवून दाखवलं. पेडल हललं नाही. उलट फिरवलं, सैल झालं.

"हे उलटं काहून?" नानाजींनी विचारलं.

"सर, ते डावखोरं असन," एक जण म्हणाला, आणि सगळे खिदळले.

"शाबास, निदान विचार तं केला," नानाजी गंभीरपणे म्हणाले. "पण कारण दुसरं हाये. आपण पाय मारतो तेव्हा पेडलचा दांडा हळूहळू फिरून आपणच सैल व्हायले पाहते. डावीकडे सरळ आटे असते तं चालता चालता पेडल गळून पडलं असतं. म्हणून तिथी आटे उलटे. ज्यानं हे बनवलं त्यानं आधी पाय कसा चालते ते पाह्यलं, मग लोखंड कापलं."

जमनी चुलीवर चहा ठेवून दारातून बघत होती. डाव्या पेडलचं टोपण ममतानं काढलं. आत एक नट होता. तो काढला, त्याखालची चकती काढली. नानाजींनी खाली ताट धरायला लावलं, कारण आता बेअरिंगचे छर्रे बाहेर पडणार होते, आणि एक जरी हरवला तरी घरात दुसरा नव्हता.

छर्रे पडले. पण ते काळ्या ग्रीसमधून पडले नाहीत. ते पिवळ्या लगद्यातून पडले.

नानाजींनी तो लगदा बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"हे काय घातलं बेटा?"

"काई नाई सर. तुम्ही सांगतलं तेवढंच. फक्त पुसत होती."

"वास तं वेगळाच येऊन राह्यला. खवट."

ममतानंही वास घेतला. मग तिनं मान वर करून दारात उभ्या आईकडे पाहिलं. त्या पोरीला त्या वासावरून सगळं समजलं होतं आणि ते तिनं तोंडातून काढलं नसतं.

"म्या घातलं," जमनी म्हणाली.

अंगणातली पोरं तिच्याकडे वळली.

"पोळ्याले खांदशेकणी केली, सर. बैल नव्हते घरी. म्हटलं, पोरीचा भार यावरच येते." बोलताना तिचा हात उगाच पदर शोधत होता. "तूप अन्‌ हळद. अन्‌ मंग आवाज आला तं आणखी घातलं. तूप चांगलंच असते ना, सर? दुखल्या अंगाले आपण तेच लावतो."

कुडावरून भुरीबाईचं डोकं वर आलं होतं.

नानाजींनी हात पुसले. ते रागावले असते तर जमनीला सोपं गेलं असतं. पण ते रागावणारे नव्हते. पोरांना सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "अंगाले तूप चांगलं, जमनीबाई. बैलाले चांगलं. पण यात ग्रीस असते. तूप त्यात गेलं की ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. तूप खवट होते, हळदीचे कण दगडावानी घासते, अन्‌ वरून गरम पाणी गेलं तं लोखंड गंजते. तुम्हाले हे कोणी सांगतलंच नव्हतं. म्या तांड्यात इतक्या वेळा आलो, पोरीले सांगत बसलो, तुम्हाले नाई सांगतलं."

"सर, पाहा ना आत कसं हाये," ममता मध्येच म्हणाली. तिला हे बोलणं संपायला हवं होतं.

डावं पेडल वाचलं होतं. छर्रे डागाळले होते, पण गोल होते. ममतानं ते डिझेलमध्ये घोळले, फडक्यावर कोरडे केले. पेडलच्या आतली छर्र्यांची वाटी पुसून तीत ताजं ग्रीस भरलं, आणि चिमट्यानं एकेक छर्रा त्यात बसवला. ते मोहरीच्या दाण्याएवढे होते. ग्रीसमध्ये रोवले की जागचे हलत नव्हते. मग दांडा आत, चकती, नट. नट किती आवळायचा हा खरा धडा, नानाजी म्हणाले. जास्त आवळला तर फिरत नाही, कमी आवळला तर डुलते. ममतानं आवळलं, सैल केलं, पुन्हा आवळलं. शेवटी बोटानं टिचकी मारली तर पेडल आवाज न करता फिरत राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जमनीनं चहा आणून ठेवला.

मग उजवं उघडलं.

त्याला तिनं दोनदा तूप घातलं होतं. टोपणाखाली पिवळं नव्हतं, तपकिरी होतं. नट निघेना; ममतानं पान्यावर दोन्ही हातांचा जोर लावला तेव्हा तो किंचाळत सुटला. ताटात छर्रे पडले तेव्हा खळकन आवाज आला नाही. काही छर्रे अर्धे फुटले होते, काहींचा नुसता चुरा होता. नानाजींनी मोबाइलचा उजेड आत पाडला. जिथं छर्रे फिरतात त्या वाटीला खड्डे पडले होते, मुरमावर पाऊस पडून गेल्यावर पडतात तसे.

बराच वेळ त्यांनी तो उजेड तसाच धरून ठेवला.

"हे नाई भरून येत," ते म्हणाले.

त्यांनी फोन केले. घाटंजीच्या सायकलवाल्याकडे ज्वारीच्या दाण्याएवढे छर्रे होते, साध्या पेडलचे, मोहरीएवढे नव्हते. यवतमाळच्या दुकानदारानं, नागपूरहून मागवावे लागतील, असं सांगितलं. निवड दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"आता दोन रस्ते हाये," नानाजी ममताला म्हणाले. मोठ्या माणसाशी बोलावं तसे ते बोलले. "एक, साधे पेडल लावू. कॅनव्हासचे बूट घालून चालव. सायकल धोका देणार नाई. दोन, डाव्यातले थोडे छर्रे काढून उजव्यात घालू, दोन्ही जरा विरळ ठेवू, ग्रीस ठासू. चालन. पण वाटी खराब हाये. कुठपर्यंत चालन, ते सांगता येत नाई."

"साध्या पेडलवर नागपूरच्या पोरींसमोर टिकीन काय, सर?"

नानाजी हातातला पाना पुसत राहिले. ते पोरांना कधी खोटं सांगत नसत.

"साध्यावर म्या नक्की हरते," ममता म्हणाली. "यावर, काई बिघडलं तंच हरते."

तिनं नुकतंच इतक्या नीट बसवलेलं डावं पेडल पुन्हा उघडलं. पोरं एकेक करत निघून गेली. जमनी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि ताट धरून राहिली. दोघींची डोकी जवळजवळ टेकली होती. ममतानं चिमट्यानं छर्रा उचलला, बसवला, दुसरा उचलला.

"ममता, बोल ना मले काई."

"ताट हलवू नको, याडी."

बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. एरवी ती हाक ममताच्या तोंडी लाडाची असायची. आज तीत काहीच नव्हतं, रागही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवाहू ऑटोत सायकल आडवी टाकून मायलेकी आणि नानाजी यवतमाळला गेले. जमनीनं पोरीला शर्यतीत पळताना कधी पाहिलं नव्हतं. शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर पोलिसांनी दोऱ्या बांधल्या होत्या. दोन्ही बाजूंना पिवळं पडू लागलेलं सोयाबीन होतं. दुरून आलेल्या मुली, त्यांचे चकचकीत टोप, त्यांचे आईबाप, पाण्याच्या बाटल्या. एकेकीला सोडत होते. लांबवर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं, आणि कुणाला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहायचं.

ममताचा नंबर आला. तिनं पेडलमध्ये पाय घातला, खट्‌. दुसरा, खट्‌. शिट्टी झाली आणि ती गेली.

जमनीला वाटलं नव्हतं की ती इतकी सुंदर दिसेल. पाठ सपाट, मान स्थिर, फक्त पाय चालत होते, आणि ते असे चालत होते की खाली जाणारा पाय कुठं संपतो नि वर येणारा कुठं सुरू होतो ते कळू नये. क्षणात ती रस्त्याच्या चढावरून पलीकडे उतरली.

"चांगली निघाली," नानाजी पुटपुटले. "अगदी चांगली निघाली."

तिच्यामागून सुटलेली मुलगी परत आली. तिच्याही मागची आली. जमनी चढाकडे पाहत राहिली. तापलेल्या रस्त्यावरची हवा हलत होती आणि तिच्यातून कोणी येत नव्हतं.

मग ममता दिसली. ती डाव्या पायानं सायकल चालवत होती. उजवा पाय हवेत लटकत होता, आणि बुटाच्या तळाला काहीतरी काळं चिकटलं होतं. जवळ आल्यावर दिसलं, ते पेडल होतं. दांडा सायकलवर राहिला होता आणि पेडल त्याच्यावरून निसटून बुटासोबत आलं होतं. प्रत्येक फेऱ्याला तो रिकामा दांडा तिच्या पोटरीवर घासत होता. तिथून रक्त मोज्यात उतरत होतं. ती थांबली नाही. एका पायानं रेघ ओलांडून आली आणि मग सायकलवरून आडवीच झाली.

"पिंपापाशी वेळेत पयली होती, सर," तिनं धापा टाकत सांगितलं. "तिथल्या माणसानं ओरडून सांगतलं. वळली अन्‌ उभी राहून जोर लावला, अन्‌ खालून गेलं."

नानाजी निवड करणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, पोटरी पाहिली, पाणी मागवलं. पण सायकल ज्याची त्यानं आणायची आणि तिची जबाबदारीही त्याचीच, हा नियम सगळ्यांनाच होता. "पुढच्या वर्षी नक्की आणा हिला," ते म्हणाले. नानाजींनी तिचं वय सांगितलं. साहेबांनी "अरेरे" म्हटलं आणि पुढच्या मुलीचा नंबर पुकारला.

रस्त्याच्या कडेला जमनी पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसली. बुटाला अडकलेलं पेडल निघत नव्हतं. टाच फिरवून सोडवायला सायकलचा आधार लागतो, तो आता नव्हता. नानाजींनी खटक्यात पेचकस घालून दाबला आणि जमनीनं दोन्ही हातांनी पेडल ओढलं. ते एकदम सुटलं आणि तिच्या हातात आलं. आतून पिवळसर ग्रीस तिच्या तळव्याला लागलं. काल इतकं पुसलं, तरी कुठंतरी उरलं होतंच.

"मले मार," ती हळूच म्हणाली. "इथीच मार. लोकायसमोर."

"काई बोलतं तू, याडी." ममतानं बूट काढला. "मोजा दे इकडे. वाळला तं चिकटन."

त्यानंतर तांड्यात कुणी या गोष्टीचं नाव काढलं नाही. भुरीबाईनंही नाही, ती कुडापाशी यायची, उभी राहायची आणि भाजी आहे का विचारून परत जायची. देवीलालला फोनवर ममतानंच सांगितलं. "नाई झालं, बा," एवढंच. तो म्हणाला, की दसरा झाला की येतो सामान न्यायला, आणि तुझ्यासाठी इथं शिवणाचा क्लास पाहिला आहे. त्यानं ते प्रेमानं पाहिलं होतं. जमनीला ते ऐकून धडकी भरली.

तिनं मनात शंभर वेळा ती संध्याकाळ मागे नेऊन पाहिली. वाटी चुलीवर ठेवली नसती तर. टोपण उचकटलं नसतं तर. भुरीबाईनं हसण्याऐवजी हटकलं असतं तर. पण प्रत्येक वेळी ती त्याच जागी येऊन थांबायची: तिनं ते वाईट मनानं केलं नव्हतं, आणि म्हणून त्याला शिक्षाही नव्हती. पोरीनं भांडी आपटली असती, दोन दिवस जेवली नसती, तर जमनीनं समजूत घातली असती, पाया पडली असती. पण ममता वेळेवर उठत होती, पाणी भरत होती, हाक मारली की ओ देत होती. सकाळी सरावाच्या वेळी मात्र तिला जाग यायची आणि ती आढ्याकडे पाहत पडून राहायची. जमनीही शेजारी जागीच असायची.

दसऱ्यानंतर देवीलाल ट्रक घेऊन आला, त्याच दिवशी नानाजीही आले. त्यांच्या स्कूटरवर मागे एक मुलगी बसली होती, अपेक्षा. घाटंजीजवळच्या एका शेतकऱ्याची, लांब पायांची, लाजरी. सायकल आता तिला जायची होती. नानाजींनी पिशवीतून नवी पेडलं काढली, कुणाकडून तरी मागून आणलेली, आणि ती बसवायला खाली वाकले. मग काहीतरी सुचून ते थांबले आणि त्यांनी पाना ममताकडे धरला.

"तूच शिकव हिले. म्या शिकवतो त्याहून चांगलं शिकवशीन."

ममता नाही म्हणेल असं जमनीला वाटलं. पण ती सायकलपाशी बसली. "हे इकडे फिरव. डावं उलटं असते, घाई करशीन तं आटे जाईन," ती सांगू लागली. आवाज शांत होता, समोरच्याला समजेपर्यंत थांबणारा. अपेक्षा चुकली तर ती तिचा हात धरून परत दाखवत होती. नानाजी बघत होते आणि मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, तुयं पेडल कायनं निघालं वो?" अपेक्षानं विचारलं. तिच्या कानावर शर्यतीचं गेलं असणार.

जमनी दारात भांडी पोत्यात भरत होती. तिचा हात थांबला.

"पाणी गेलतं आत," ममता म्हणाली. "पावसाचं. तू पावसातून आली की पुसत जाय."

"बस्स? एवढ्यानं?"

"एवढ्यानंच होते."

नानाजींनी मान खाली घातली. जमनीला ओरडून सांगावंसं वाटलं, की पाऊस नव्हता, मी होते. माझं नाव घे, निदान या पोरीला तरी खरं सांग. ती दोन पावलं पुढे आलीही. पण ममतानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काल-परवा आलेल्या पाहुणीकडे बघावं, तिला काही कमी-जास्त हवं का ते पाहावं, तसं ते पाहणं होतं. जमनीला कळलं, की ही पोर आपल्याला आयुष्यभर असंच सांभाळून घेणार आहे.

ती तिथूनच मागे फिरली.

अपेक्षानं अंगणात एक चक्कर मारली, डुलली, सावरली आणि मग सायकल तांड्याबाहेरच्या उतारावर घातली. नानाजींची स्कूटर तिच्यामागून गेली. देवीलाल ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून गाद्या वर ओढत होता. जमनी अंगणात येऊन उभी राहिली आणि कपाशीच्या कडेनं जाणारी ती दोन बारीक चाकं दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. ममता बाहेर आली नव्हती. आत ती अंथरुणाची वळकटी गुडघ्यानं दाबून बांधत होती. गाठ इतकी ओढली, की सुतळी तुटली.

"याडी," ती आतून म्हणाली, "दुसरी दोरी दे."